गायनमंडळाचा आवाज: नाताळ ते ईस्टर, कोकणच्या हवेत

ईस्टरच्या आदल्या रात्री जागरण विधीत ग्लोरिया, म्हणजे देवाच्या गौरवाचं गीत, सुरू होतो, घंटा वाजतात, आणि नेमके तेव्हाच गायनमंडळातले निम्मे आवाज घोगरे निघतात. झावळ्यांच्या रविवारपासून, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारपासून, रोज सराव झालेला असतो. पवित्र गुरुवारच्या ग्लोरियानंतर वाद्यं गाण्याला आधार देण्यापुरतीच ठेवायची असतात, बऱ्याच चर्चमध्ये ती पूर्ण बंदच असतात. त्यात एप्रिलचा उकाडा आणि अपुरी झोप. दोष मात्र कुणीतरी दुपारी प्यायलेल्या थंड सरबतावर जातो.

थंड पाणी स्वरतंतूंना लागतच नाही. आपण गिळतो ते सगळं अन्ननलिकेत जातं आणि गिळताना स्वरयंत्राचं दार बंद होतं. चुकून एक थेंब जरी आत गेला तरी काय ठसका लागतो, ते सगळ्यांना माहीत आहे. आवाज बसतो तो बहुतेक वेळा हिशोब चुकल्यामुळे: किती वेळ गायलं, किती उंच गायलं, किती गोंगाटात गायलं आणि मध्ये विश्रांती किती दिली, याचा हिशोब. वसईतली मिस्सा, म्हणजे कॅथलिक प्रार्थनाविधी, असो, रत्नागिरीकडची उपासनेतली भजनं असोत किंवा मालवण-सावंतवाडीकडे ड्रम-गिटार घेऊन गायलेली गॉस्पेल गाणी असोत, हा हिशोब सगळ्यांना सारखाच लागू होतो.

घशात नेमकं काय होतं

स्वरतंतू म्हणजे तारा नव्हेत, त्या दोन मऊ घड्या आहेत. पुरुषांत त्यांची लांबी साधारण १७ ते २५ मिलिमीटर, स्त्रियांत १२ ते १७. आत स्नायू आणि वर ओलसर, जेलीसारखा थर. कीबोर्डच्या मधल्या सप्तकातली पांढरी सहा (पांढरी एक म्हणजे C, तर पांढरी सहा म्हणजे A) लावली की या घड्या सेकंदाला ४४० वेळा एकमेकींवर येऊन मिटतात. हळू गायलं तर त्या अलगद मिटतात, ओरडलं तर आपटतात. आपटण्याचा जोर सर्वांत जास्त असतो तो पुढच्या एक तृतीयांश भागाच्या टोकाशी. गाठी, ज्यांना डॉक्टर नोड्यूल म्हणतात, बहुधा तिथेच आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर येतात. तळहाताला घट्टा पडतो तसलाच हा प्रकार.

गॉस्पेल गाणाऱ्यांना याचा धोका जास्त. १९३० च्या दशकात शिकागोच्या कृष्णवर्णीय चर्चमध्ये या गायकीला आजचं रूप आलं. छातीचा भरदार आवाज वरच्या सुरांपर्यंत ओढून नेणं, मुद्दाम खरखर आणणं, एकानं हाक द्यावी आणि मंडळानं उत्तर द्यावं, शेवटी एकच ओळ घोळवत पट्टी अर्ध्या सुरानं चढवत नेणं, ही तिची ताकद आहे. पण त्या गायकीत मुरलेले गायक लहानपणापासून दर रविवारी तेच गात आलेले असतात. आपण वर्षभर मधल्या पट्टीत शांत स्तोत्रं गातो आणि नाताळच्या कार्यक्रमासाठी तीन आठवड्यांत ती गायकी घशावर लादतो. स्नायूंना सवय व्हायला वेळ लागतो, तो त्यांना मिळत नाही.

रोज सकाळी दोन मिनिटांची तपासणी

स्वरतंतूंना सूज आली तर दुखत नाही, तिथे वेदना फारशी जाणवतच नाही. म्हणून दुखेपर्यंत थांबण्यात अर्थ नाही. सूज पकडायची सोपी रीत अशी. उठल्यावर अर्ध्या तासानं, पाणी पिऊन, ओळखीच्या गाण्याची एक छोटी ओळ अगदी हळू म्हणायची, शेजारच्या खोलीत झोपलेलं बाळ उठणार नाही इतकी हळू. मग अर्धा-अर्धा सूर वर चढवत जायचं. आवाज उशिरा फुटायला लागला, सुराआधी नुसती हवा ऐकू आली किंवा हळू म्हणता येईना म्हणून जोर द्यावासा वाटला, की ती आजची हद्द. कीबोर्डवर किंवा मोबाइलमधल्या पेटीवर तो सूर पाहून वहीत लिहायचा.

महिनाभरात आपली नेहमीची हद्द कळते. ती एखाद्या दिवशी अर्ध्या सुरानं खाली आली तर काळजी नाही. दोन-तीन सुरांनी खाली आली तर त्या दिवशी सरावाला जायचं, पण ऐकायला, ओठ न हलवता. सलग तीन दिवस तशीच राहिली तर आठवडाभर एकट्यानं गायच्या जागा दुसऱ्याला द्यायच्या. मोठ्यानं गाताना ही सूज लपते, कारण जोर लावला की सुजलेल्या घड्याही मिटतात. हळू आवाज मात्र खोटं बोलत नाही.

गाण्याआधी पंधरा मिनिटं

मिस्सा सुरू व्हायच्या आधी पहिलं प्रवेशगीतच पूर्ण आवाजात म्हणून पाहणं हा सराव नव्हे. क्रम असा ठेवा.

१. मान आणि खांदे, दोन मिनिटं. खांदे कानापर्यंत उचलून सोडायचे. जबडा सैल सोडून गालांवरून तळहात खाली ओढायचे.

२. श्वास, दोन मिनिटं. तळहात बरगड्यांच्या खालच्या बाजूंवर ठेवून नाकानं श्वास घ्यायचा, बरगड्या बाहेर सरकल्या पाहिजेत. मग 'स्स्स' करत २० सेकंद सारख्या धारेनं सोडायचा. खांदे वर गेले तर श्वास उथळ आहे.

३. नळी, पाच मिनिटं. हा सगळ्यांत मोलाचा भाग. साधी सरबताची नळी, साधारण पाच-सहा मिलिमीटर रुंद, अर्ध्या ग्लास पाण्यात दोन सेंटिमीटर बुडवायची. ओठ नळीभोवती घट्ट मिटून 'ऊऽऽ' म्हणायचं, बुडबुडे एकसारखे आले पाहिजेत. आधी एकच सोयीचा सूर, मग मोटार चढण चढते तसा खालून वर आणि परत खाली घसरता सूर, शेवटी गाण्याची एखादी ओळ शब्दांशिवाय. तोंडाशी अडवलेल्या हवेचा दाब मागे स्वरतंतूंपर्यंत पोहोचतो आणि त्यांना किंचित वेगळं धरतो, त्यामुळे ते न आपटता हलायला शिकतात. बुडबुडे मध्येच थांबले तर घसा आवळला गेला आहे. गाल फुगले तर फुगू द्या. आपली नळी दुसऱ्याला द्यायची नाही, सर्दीच्या दिवसांत तर मुळीच नाही.

४. ओठांची फुरफुर, दोन मिनिटं. सा ते प आणि परत, दर वेळी अर्धा सूर वर. फुरफुर तुटली की श्वास कमी पडला किंवा ओठ ताठ झाले.

५. स्वर, तीन-चार मिनिटं. 'म' वरून 'मा, मे, मी, मो, मू', मधल्या आवाजात. सगळ्यांत वरचा सूर शेवटी एकदाच लावून पाहायचा.

नळी मिळाली नाही तर तोंड मिटून गुणगुणणं चालेल. गाऊन झाल्यावर पाच मिनिटं हाच घसरता सूर वरून खाली आणायचा आणि मगच पायऱ्या उतरून गप्पांना लागायचं. मिस्सेनंतर अंगणात मोठमोठ्यानं बोलण्यातच निम्म्या घशांचा उरलासुरला दम जातो.

पट्टी

आवाज बिघडवणाऱ्या सगळ्या गोष्टींत पट्टी पहिली. ध्वनिमुद्रित गाणं ज्या पट्टीत ऐकलं त्याच पट्टीत बसवायचा हट्ट असतो. ते गाणारा एकटा व्यावसायिक गायक असतो, तुमच्याकडे शाळेतल्या मुलीपासून साठीच्या काकूंपर्यंत सगळे आहेत. शिवाय चर्चमध्ये गाणं लोकांनी म्हणायचं असतं.

कच्चा नियम असा. चाल खाली मधल्या पांढरी एकच्या आधीच्या पांढरी सहापर्यंत आणि वर पुढच्या सप्तकातल्या पांढरी दोनपर्यंत राहिली पाहिजे. पुरुष आपोआप एक सप्तक खाली गातात. समजा गाणं पांढरी एकमध्ये आहे, सगळ्यांत खालचा सूर सा आणि वरचा तार मध्यम, म्हणजे वरची पांढरी चार. कीबोर्डचं ट्रान्सपोज, म्हणजे पट्टी बदलायचं, बटण उणे तीनवर न्या. वरचा सूर पांढरी दोनवर येतो आणि खालचा पांढरी सहावर, दोन्ही टोकं हद्दीत. वादकाला बोटं बदलावी लागत नाहीत. कार्यक्रम संपल्यावर बटण शून्यावर आणायला विसरू नका, पुढच्या मिस्सेत फादरांचा सूर आणि वाद्य जुळायचं नाही.

शेवटी पट्टी चढवायची असेल तर हिशोब उलटा करा. तीन वेळा अर्धा-अर्धा सूर चढणार असाल तर सुरुवात तेवढीच खाली हवी. वरच्या भरदार जागा एका सरावात पूर्ण आवाजात चार-पाच वेळांपेक्षा जास्त घेऊ नका, बाकी वेळी त्या हळू किंवा एक सप्तक खाली म्हणून ताल आणि शब्द पक्के करा. हनुवटी वर गेली, मानेच्या शिरा तटतटल्या, शेजाऱ्याचा आवाज ऐकू येईना, तर ती जागा तुमच्या घशाच्या बाहेर आहे. आणि खरखर आणायचीच असेल तर एखाद्या शब्दापुरती, अख्खं कडवं कधीच नाही.

बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांचा आवाज फुटत असतो. त्यांना मंडळातून काढू नका आणि वरही ओढू नका. जे पाच-सहा सूर सहज लागतात तेवढेच द्या.

पाणी, घाम आणि जेवण

कोकणची दमट हवा स्वरतंतूंना चांगलीच मानवते. इथे खरा प्रश्न घामाचा. जाड जांभ्याच्या भिंती, मुख्य दारावरचा गायनमंडळाचा सज्जा, खालून वर येणारी उष्णता, वर धुपाचा धूर. दोन तासांत अंगातलं बरंच पाणी जातं. प्यायलेलं पाणी रक्तातून स्वरतंतूंपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, म्हणून गाण्याच्या पाच मिनिटं आधी घटाघटा प्यायलेली बाटली त्या मिस्सेला कामी येत नाही. दिवसभरात दोन ते अडीच लिटर, घाम जास्त असेल तर आणखी. लघवीचा रंग फिकट असला की पुरेसं झालं. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांनी सांगितलेलंच प्रमाण. सज्जात बाटली जवळ ठेवून दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-तीन घोट.

काही जण कम्युनियन, म्हणजे मिस्सेतला पवित्र प्रसाद, घेण्याआधीचा उपवास म्हणून पाणीही घेत नाहीत. कॅथलिक चर्चच्या नियमानुसार तो उपवास एक तासाचा आहे आणि पाणी व औषध यांनी तो मोडत नाही. गुड फ्रायडेच्या उपवासातही पाणी चालतं. दुपारी तीनच्या विधीला कोरड्या घशानं उभं राहू नका.

जेवणाचं पथ्य मिरचीइतकंच वेळेचं आहे. रात्री दहाला मालवणी सांबारं आणि तळलेली मासळी खाऊन लगेच आडवं झालं की पोटातलं आम्ल घशापर्यंत येतं आणि स्वरयंत्राच्या मागच्या बाजूला सूज आणतं. छातीत जळजळ होईलच असं नाही. सकाळी आवाज जड, घशात काहीतरी अडकल्यासारखं, सारखं खाकरावंसं वाटणं, ही त्याची लक्षणं. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा. तेवढ्यानं भागलं नाही तर पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली सहा-सात इंचांचे ठोकळे घाला, नुसत्या उशा वाढवल्या तर पोट दुमडतं आणि त्रास वाढतो. मध्यरात्रीच्या मिस्सेआधी दोन-अडीच तास उकड्या तांदळाची पेज किंवा मऊ वरणभात, थोडी भाजी. सोलकढी घरी परत आल्यावर, कारण आमसुलाची आंबट चव आणि नारळाचा स्निग्धपणा पित्त असलेल्यांना गाताना वर येतो. कडक चहा-कॉफीचा एखादा कप ज्याला सवय आहे त्याला बाधत नाही.

खाकरणं मात्र तोडायलाच हवं. प्रत्येक खाकरण्यात स्वरतंतू एकमेकांवर घासतात, त्यातून आणखी कफ तयार होतो, मग पुन्हा खाकरावंसं वाटतं. त्याऐवजी घोटभर पाणी, जोरात गिळणं, मग हलकं गुणगुणणं.

घरगुती उपायांबद्दल थोडक्यात. मध, आलं, ज्येष्ठमध घशाच्या मागच्या भिंतीला आराम देतात, स्वरतंतूंपर्यंत पोहोचत नाहीत. आराम वाटतो म्हणून जरूर घ्या. रक्तदाब असेल तर ज्येष्ठमध रोज चघळू नका, तो दाब वाढवतो. गुळण्यांना ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ. वाफ मात्र थेट आत पोहोचते. साध्या पाण्याची, पाच-सात मिनिटं, चेहरा भांड्यापासून हातभर दूर, मुलं जवळ नकोत. पाण्यात बाम टाकायची पद्धत सोडा, त्यानं गार वाटतं पण आतला थर चुरचुरतो. विडी-सिगरेट, तंबाखू, मिश्री यांच्याबरोबर आवाजाची निगा जमत नाही. हे कुणाला लागलं तरी सांगायला हवं.

धूर, पत्रे आणि माइक

डिसेंबर-जानेवारीत आंब्याच्या मोहोरावर फवारणी चालू असते आणि फेब्रुवारीनंतर भातरोपांसाठी राब, म्हणजे वाफ्यावर पसरलेला पालापाचोळा, भाजायला लागतात. बागेत किंवा शेतात काम करणाऱ्यांनी त्या दिवशी नाकातोंडावर मास्क बांधावा आणि संध्याकाळी मिठाच्या पाण्यानं नाक धुवावं, त्यासाठी पाणी उकळून गार केलेलंच घ्यावं. पावसाळ्यात कपाटातल्या गीतांच्या पुस्तकांना बुरशी धरते. ती सज्जात उघडली की शिंका आणि खोकला ठरलेला. ऊन पडेल त्या दिवशी पुस्तकं अंगणात उघडी वाळत घाला. धुपाबद्दल वेदीसेवकांशी आधीच बोलून ठेवा. गायनमंडळ खाली बसत असेल तर धूपदाणी त्यांच्या बाजूला टांगू नये.

गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो. १९११ मध्ये एतिएन लोंबार या फ्रेंच डॉक्टरानं हे मांडलं, म्हणून त्याला लोंबार परिणाम म्हणतात. पत्र्यावर पाऊस कोसळत असताना, मांडवात ड्रमशेजारी, जनरेटरच्या घरघरीत, सगळीकडे हेच होतं. उपाय घशात नाही, मांडणीत आहे. ड्रम गायकांच्या मागे नको, बाजूला. गायकांकडे तोंड केलेला एक छोटा स्पीकर हवा आणि त्यात फक्त आवाज व कीबोर्ड, ड्रम नको. माइक ओठांपासून चार बोटं दूर, किंचित तिरपा. वरच्या जागेला तोच माइक वीतभर लांब न्यायचा. जाळी मुठीत धरली की शिट्टी वाजते आणि मग आवाज कमी केला जातो, की गायक पुन्हा ओरडतो. स्वतःला ऐकू येत नसेल तर एक कान हलका झाकून पाहा.

नाताळची गाणी म्हणत घरोघर फिरताना हाच त्रास उघड्यावर होतो. आवाज परत यायला भिंत नसते, म्हणून सगळे ओरडतात. मंडळाचे दोन गट करा, एकानं कडवं म्हणायचं, दुसऱ्यानं ध्रुवपद. पुढच्या घरी उलट. दोन घरांमधल्या वाटेवर गायचं नाही.

पवित्र आठवड्याचं वेळापत्रक

सराव बुधवारी रात्री संपला पाहिजे. गुरुवारी पूर्ण मंडळ. शुक्रवारी वाद्यांचा आधार नसताना सूर हळूहळू उतरतो आणि तो धरून ठेवायला लोक जोर लावतात. म्हणून शुक्रवारी मोजके, सुराला पक्के आवाज ठेवा, दर दोन गीतांनी सूर एखाद्या सूर देणाऱ्या छोट्या वाद्यावर हळूच तपासा, उतरला असेल तर पुढचं गीत नव्यानं सूर देऊन सुरू करा. शनिवारी दुपारी दीड-दोन तास झोप आणि संध्याकाळपर्यंत शक्य तितकं मौन. जागरण विधीत जुन्या करारातली सात वाचनं घेतली तर प्रत्येकामागे स्तोत्र येतं. ती सात जणांत वाटून द्या, ज्याला नंतर आलेलुयाचं स्तोत्र गायचं आहे त्याला यातलं एकही नको. तो आलेलुया धर्मगुरू तीनदा म्हणतात आणि दर वेळी सूर चढवतात. मंडळानं त्यामागून जायचं असतं, तेव्हा पहिला सूर किती खाली हवा हे फादरांशी आधीच ठरवा.

सर्दी, आणि डॉक्टर कधी

नुसतं नाक वाहत असेल आणि सकाळची तपासणी ठीक असेल तर गाता येतं. घसा दुखतो आहे, ताप आहे किंवा आवाज घोगरा आहे तर नाही. अशा वेळी कुजबुजू नका, कुजबुजताना बरेच जण घसा आवळतात. कमी आणि मऊ आवाजात बोला. सर्दीच्या बऱ्याच गोळ्या घसा कोरडा करतात. ताप-दुखण्याला पॅरासिटामॉल चालतं, पण गायच्या दिवशी ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन डॉक्टरांनी दिल्याशिवाय नको, त्यांनी रक्त पातळ होतं आणि ताणलेल्या स्वरतंतूत रक्तस्राव होण्याची भीती वाढते. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ते मनानं बंद करायचं नाही. दम्याचा पंप घेणाऱ्यांनी दर वेळी चूळ भरावी. रक्तदाबाच्या रॅमिप्रिल, एनालाप्रिल यांसारख्या गोळ्यांनी कोरडा खोकला येतो, डॉक्टरांना सांगितलं तर गोळी बदलून मिळते.

गाताना एकाएकी आवाज गेला, एखादा सूर लावताना काहीतरी तुटल्यासारखं झालं, तर तिथेच थांबा. पुढचं कडवं नाही, बोलणंही नाही, आणि एक-दोन दिवसांत कान-नाक-घशाचे डॉक्टर गाठा. घोगरेपणा दोन आठवड्यांहून जास्त टिकला तरी जायचं. थुंकीत रक्त, गिळायला त्रास, मानेत गाठ, कानात ठणका, श्वासाला अडथळा, यांतलं काहीही असेल तर दोन आठवडेही थांबायचं नाही. तंबाखू-मिश्रीची सवय असलेल्यांनी तर अजिबात नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी सूज उतरवणारं एक इंजेक्शन घेऊन गायची वाट धरू नका. सूज उतरल्यासारखी वाटते, पण आत रक्तस्राव असेल तर त्याच गाण्यात कायमचं नुकसान होऊ शकतं. स्वरतंतू पाहिल्याशिवाय असं इंजेक्शन घेऊच नये. डॉक्टरांकडे दुर्बिणीनं स्वरयंत्र पाहण्याची मागणी करा, नुसता जिभेवर चमचा दाबून स्वरतंतू दिसत नाहीत. गाठी निघाल्या तरी घाबरू नका, पहिला उपचार बहुधा वाचातज्ज्ञांकडचे व्यायाम आणि विश्रांती हाच असतो.

जाताना तीन गोष्टी सोबत न्या: चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी, सकाळच्या तपासणीची वही आणि मोबाइलमध्ये आवाज चांगला असतानाचं एखादं गाणं. तुमचा मूळ आवाज कसा आहे, हे डॉक्टरांना एरवी कळणार नाही.